लोक तुम्हाला काय विचारायला येतात? गावातून ऑनलाइन कंटेंटचा धंदा उभा करताना

मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवलेलं, चुना दुसरीत. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दोन्ही मिळून दहा लिटर पाणी. सकाळी दोन्ही एकत्र ओतून माझ्या मामेभावानं लाकडी काडीनं ढवळलं आणि हातातला विळा त्या निळ्या लगद्यात बुडवला. थोड्या वेळानं बाहेर काढला तर पात्यावर तांबूस थर. "पाह्य, चुना कमी पडला. असंच लावलं तर झाडाले इजा करन हे." त्यानं चुन्याची आणखी थोडी निवळी ओतली, ढवळलं, विळा घासून पुसला, पुन्हा बुडवला. आता पातं कोरं निघालं. मग ब्रशनं संत्र्याच्या खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत हे बोर्डो मलम, म्हणजे बुरशीपासून राखणारा लेप, लावून दाखवलं.

फोन मी धरला होता. पावणेचार मिनिटांचा व्हिडिओ, ना संगीत, ना काही.

त्याआधी दीड वर्ष तो यूट्यूबवर चॅनल चालवत होता. कापसाचे भाव, सरकारी योजना, नव्या ट्रॅक्टरची माहिती, भाच्याला घेऊन केलेले विनोदी शॉर्ट्स, पोळ्याच्या दिवशीचा बैलांचा व्हिडिओ. शंभरावर व्हिडिओ झाले होते आणि घरातल्यांनी बोलणं सुरू केलं होतं. विळ्याचा व्हिडिओ टाकल्यावर आठवडाभरात त्याला परतवाड्यापासून काटोलपर्यंतच्या बागाईतदारांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: "भाऊ, माझ्याही झाडाले डिंक्या आहे, येऊन पाह्यता का?" डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळायला लावणारा रोग.

मी वरूड तालुक्यात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. आजूबाजूच्या गावांतले काही चॅनलही माझ्याकडे एडिटिंगला येतात. त्यामुळे चालणारं आणि बंद पडणारं, दोन्ही मला जवळून दिसतं. मेहनत दोघांचीही सारखीच असते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पोरांना वाटलं की आता फोन आहे म्हणजे धंदा आहे. पण पैसा नेमका कुठून येतो, हे कोणी नीट सांगत नाही. ते आधी समजून घेऊ, कारण ते कळलं की आपण कशावर व्हिडिओ करायचे हा प्रश्न अर्धा सुटतो.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्राइबर लागतात आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम. नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. बघणारा सरासरी चार मिनिटं थांबला तर ६०,००० व्ह्यूज लागतात. एकाच मिनिटात निघून गेला तर २ लाख ४० हजार. म्हणजे तुमचा विषय लोकांना थांबवून ठेवणारा असला की हीच पायरी चौपट जवळ येते.

मॉनेटायझेशन झाल्यावर, म्हणजे ही कमाई सुरू झाल्यावर, मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतून यूट्यूबला जे मिळतं त्यातले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा आहे. तिथल्या जाहिरातींचे पैसे एकत्र जमा होतात, व्ह्यूजप्रमाणे वाटले जातात आणि आपल्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के आपल्या हातात पडतात. हजार व्ह्यूजमागे किती रुपये सुटतात याचा ठरलेला दर नाही. बघणारा कोणत्या देशात आहे, विषय कोणता आहे, दिवाळीचे दिवस आहेत की जानेवारी, यावर तो हलतो. फक्त हिशेबासाठी धरू की हजार व्ह्यूजमागे ४० रुपये मिळतात. ५०,००० व्ह्यूजचे झाले २,००० रुपये. आमच्याकडे एवढे व्ह्यूज महिन्याला गोळा करताना भलेभले दमतात, आणि २,००० रुपयांत कपाशीच्या बियाण्याच्या दोनच बॅगा येतात.

आता तेच ५०,००० व्ह्यूज बोर्डो मलमाच्या व्हिडिओचे आहेत असं समजा. बघणाऱ्यांपैकी अगदी पंचवीस जणांनी फोन केला आणि दहा जणांनी बाग पाहायला बोलावलं. एका भेटीचे ५०० रुपये आणि पेट्रोल वेगळं. हे झाले ५,००० रुपये, जाहिरातीच्या अडीचपट. त्यातले दोघं-तिघं पुढच्या हंगामात त्याच्याकडूनच कलमा नेतील, ते वेगळंच. विनोदी व्हिडिओ बघणारा हसतो आणि पुढे सरकतो, फोन करत नाही. त्याला फोन करायचं कारणच नसतं. तसं हसवणं कोणाच्या अंगात असेल तर त्याने जरूर करावं, तीही कला आहे. पण तिथे कमाई जवळजवळ सगळी जाहिरातीवर उभी राहते आणि मग व्ह्यूज लाखांत लागतात.

म्हणून माझ्याकडे कोणी नवीन चॅनलचं विचारायला आलं की मी आधी त्याचा फोन बघायला मागतो. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत लोकांनी तुम्हाला काय विचारायला फोन केले? नातेवाइकांचे लग्नाच्या तारखांचे सोडून द्या. "मोटर जळली, वायंडिंग करावं का नवी घ्यावी?" असं कोणी विचारतं का? "म्हैस घ्यायची आहे, तुम्ही सोबत चला," असं? "पोरीच्या लग्नात सरगुंडे, कुरड्या तुम्हीच करून द्या," असं? ज्या गोष्टीसाठी लोक वळसा घालून तुमच्या घरी येतात, तुमचं भांडवल तिथं आहे. ते बहुतेकांना दिसत नाही, कारण आपल्याला जे सहज जमतं त्याची आपल्याला किंमत वाटत नाही. मामेभावाला विळ्याची युक्ती त्याच्या बाबांनी लहानपणी शिकवली होती. "हे तं सगळ्यांलेच माहीत असते," असं तो मला म्हणाला होता. सगळ्यांना माहीत नव्हतं.

यात एक गोष्ट मी फार महत्त्वाची मानतो. विषय असा निवडा की उत्तर चुकलं तर विचारणाऱ्याचं नुकसान होतं. डिंक्या वेळेवर ओळखला नाही तर दहा वर्षांचं झाड जातं. म्हैस चुकीची घेतली तर लाखभर रुपये बुडतात. अशा प्रश्नांची उत्तरं लोक रात्री जेवणं झाल्यावर शोधत बसतात, पूर्ण व्हिडिओ बघतात आणि सांगणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतात. पोळ्याच्या बैलांचा व्हिडिओ सुंदर झाला होता, पण त्यावर कोणाचा निर्णय अडलेला नव्हता.

दरवेळी समोरून एक हरकत येते. फक्त संत्र्यावर किती दिवस बोलणार? मी कागद घेऊन त्याच्यासमोर बसलो. कलम घेताना काय पाहायचं, खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, डोळा जमिनीपासून किती उंचीवर भरलेला असावा, लावताना तो जोड मातीत का जाऊ द्यायचा नाही, चुनखडीच्या जमिनीत काय होतं, काळी माशी आणि कोळशी, शेंडेमर, पावसाळ्यातली फळगळ, रस शोषणारा पतंग, ठिबकच्या नळ्या झाडापासून किती अंतरावर, बोअरचं पाणी खाली गेल्यावर बाग कशी जगवायची, व्यापाऱ्याशी बागेचा सौदा करताना काय लिहून घ्यायचं. चहा येईपर्यंत चाळीस विषय निघाले. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार वेगळा, जून-जुलैत फुलणारा मृग बहार वेगळा. कापूस, सोयाबीन, तूर, योजना आणि ट्रॅक्टर धरून तो दीड वर्षात जिथे दमला होता, त्याच्यापेक्षा हे रान मोठं निघालं.

बारीक विषय धरण्याचा दुसरा फायदा यूट्यूबच्या आतल्या कामकाजात आहे. एक माणूस संत्र्याचा व्हिडिओ पूर्ण बघतो तेव्हा त्याला पुढे काय दाखवायचं हे यूट्यूब त्याच्यासारख्या बघणाऱ्यांवरून ठरवतं. तुमचा पुढचा व्हिडिओही संत्र्याचाच असला तर तोच माणूस पुन्हा थांबतो. पण पुढचा व्हिडिओ भाच्याच्या विनोदाचा असला तर संत्रावाला त्याला हात लावत नाही आणि विनोदवाला संत्र्याला. दोघांनीही दुर्लक्ष केलेला व्हिडिओ मग फारसा कोणापुढे जात नाही. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलवाल्याला आकडे दाखवणाऱ्या यूट्यूबच्याच अ‍ॅपमध्ये, जाऊन दोनच गोष्टी पाहिल्या तरी पुरे: लोक सर्चमधून काय टाइप करून आले, आणि कितव्या सेकंदाला निघून गेले. मामेभावाच्या जुन्या व्हिडिओंत सुरुवातीलाच चाळीस सेकंदांचं "नमस्कार मित्रांनो" असायचं, आणि आलेख तिथेच कोसळलेला दिसायचा. आता तो पहिल्याच वाक्यात रोगट खोड दाखवतो.

आता सगळ्यात अवघड भाग. आपली ताकद कळली, तरी बाकीची कामं कोणी करायची? एडिटिंग, थंबनेल, फोन घेणं, पार्सल भरणं. आपल्याकडे सगळं स्वतः करणाऱ्याचं कौतुक होतं आणि त्यात पैसे वाचतात असंही वाटतं. इथे दोनशे वर्षांपूर्वीचा एक हिशेब कामाला येतो. डेव्हिड रिकार्डो नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं तो १८१७ साली मांडला. त्याच्या उदाहरणात इंग्लंडला कापडासाठी वर्षाला १०० माणसं लागतात आणि दारूसाठी १२०. पोर्तुगालला तेवढ्याच कापडासाठी ९० आणि तेवढ्याच दारूसाठी ८०. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगाल सरस. मग त्यानं दोन्ही घरीच करावं ना? रिकार्डो म्हणतो, नाही. पोर्तुगालची जास्त सरशी दारूत आहे. त्यानं माणसं दारूवर लावावीत आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचंही भलं आहे. एखादं काम आपण समोरच्यापेक्षा चांगलं करतो, एवढ्यानं ते आपणच करावं असं ठरत नाही. ते करताना आपलं दुसरं कोणतं काम बुडतं, हे पाहावं लागतं.

मामेभाऊ मोबाइलवर एक व्हिडिओ चार तासांत एडिट करतो. भाच्याला पाच तास लागतात. मामेभाऊ वरचढच आहे. पण त्या चार तासांत तो दोन बागा पाहून येऊ शकतो आणि भाचा एकही पाहू शकत नाही. भाच्याला एका व्हिडिओचे ३०० रुपये दिले आणि दोन भेटींचे हजार आले, तर ७०० रुपये वर राहतात, शिवाय पोराच्या हाताला कॉलेज सांभाळून काम लागतं. हे पटायला त्याला सहा महिने लागले. भाच्याच्या एडिटिंगमध्ये सुरुवातीला चुका व्हायच्या आणि हा रात्री बसून पुन्हा सगळं करायचा. चुका सांगायच्या पण दुरुस्त भाच्यानंच करायच्या, एवढं एक ठरवल्यावर गाडी रुळावर आली.

ताकद म्हणजे दरवेळी ज्ञानच असतं असं नाही. कधी ती पोहोच असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा देसाईगंजच्या आसपास झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, गावोगाव रात्ररात्र प्रयोग रंगतात. ज्याचं त्या मंडळींत उठणं-बसणं आहे, तो तालमी, पडदे रंगवणारे, हार्मोनियमवाले, रात्रीचा प्रवास असं काही दाखवू शकतो, जे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॅमेरावाल्याला मिळणं कठीण. फक्त प्रयोग चित्रित करायचा तर कंपनीची लेखी परवानगी घ्या. संहिता आणि गाणी त्यांची आहेत, आणि व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला की कमाई अडकते.

कधी ती बोली असते. माझ्या ओळखीच्या एक काकू सरगुंडे करतात. काडीवर कणकेची बारीक वळी गुंडाळत नेऊन अलगद सोडवायची, वाळवायची, आणि उन्हाळ्यात आंब्याच्या रसासोबत खायची. व्हिडिओसाठी म्हणून त्या आधी पुस्तकी मराठीत बोलायच्या आणि अडखळायच्या. मुलीनं त्यांना नकळत बोलतं केलं: "आता पाह्य, पीठ लय घट्ट नाई भिजवायचं बाप्पा, नाईतं काडीवरच तुटते." तोच व्हिडिओ पुण्यात राहणाऱ्या वऱ्हाडी पोरींनी एकमेकींना पाठवला, कारण त्यात त्यांना आईचा आवाज ऐकू आला. काकूंना जाहिरातीचे पैसे किरकोळ मिळतात. एप्रिल-मे मधल्या ऑर्डरींतून घर चालतं. खायची वस्तू विकायची तर घरगुती असली तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती त्यांनी आधी करून घेतली.

पैसा विश्वासातून येतो म्हटल्यावर त्या विश्वासाची राखण करणं हेच मोठं काम होऊन बसतं. मामेभावाच्या चॅनलचे आकडे वाढल्यावर एका औषध कंपनीचा माणूस आला. एका व्हिडिओचे त्यानं जे पैसे सांगितले ते बागेच्या अर्ध्या हंगामाच्या खर्चाइतके होते. औषधाच्या लेबलवर संत्र्याचं नाव नव्हतं. दोन दिवस घरात चर्चा झाली आणि त्यानं नाही म्हटलं. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजुरांचे जीव गेले. फवारणीवर बोलणाऱ्यानं ते विसरता कामा नये. लेबलवर असलेलं पीक, लेबलवरचं प्रमाण, तोंडाला मास्क, वाऱ्याची दिशा. जे माहीत नाही ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला विचारून सांगायचं, नाहीतर सांगायचंच नाही. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन व्हिडिओ केला असेल तर ते व्हिडिओत स्पष्ट सांगणं ही नुसती सभ्यता नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिकाच काढली आहे. आणि धंद्यापोटी मिळालेल्या फुकट वस्तू वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेल्या तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानं आधीच कापायचा कर, लागतो, हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे.

दुसऱ्याचे व्हिडिओ जोडून किंवा संगणकाच्या आवाजात योजना वाचून रोज पाच-पाच व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांसाठीही एक गोष्ट. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबनं आपला नियम आणखी स्पष्ट केला: एकाच साच्यातून घाऊक काढलेल्या व्हिडिओंना कमाई नाही. अशा चॅनलांवर वर्षभर राबलेली पोरं मी रडताना पाहिली आहेत.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. कमाई १० डॉलरला पोचली की गूगल तुमच्या पत्त्यावर पोस्टानं पिन पाठवतं. आधारवरचा आणि खात्यावरचा पत्ता एक ठेवा आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, गावात ते पत्र हमखास इकडेतिकडे होतं. १०० डॉलर जमल्यावर पैसे बँकेत येतात, त्यासाठी स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड, लागतो. गावच्या शाखेला तो नसेल तर जिल्ह्याच्या मुख्य शाखेत विचारा. अमेरिकेच्या कराचा फॉर्म पॅन नंबर टाकून भराच. न भरल्यास जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. भरला तर आपल्याला फक्त अमेरिकेतल्या बघणाऱ्यांपासून आलेल्या कमाईवर १५ टक्के कर लागतो, आणि सरगुंडे-संत्र्याच्या चॅनलला तिथून येतं किती! आयकर विवरणाचं मात्र तालुक्याच्या एखाद्या सीएकडून पहिल्याच वर्षी लावून घ्या.

राहिला प्रश्न सुरुवात कधी करायची. आपल्या विषयाचं कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं. मृग बहारासाठी बागेला ताण एप्रिल-मे मध्ये द्यायचा असतो, म्हणजे पाणी तोडायचं असतं. हलक्या जमिनीला कमी दिवस, भारी काळ्या जमिनीला जास्त. म्हणजे लोक ताणाचं शोधायला लागतात मार्चच्या शेवटी. मामेभाऊ ताणाचा व्हिडिओ मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टाकतो, त्यासाठीचं चित्रीकरण मागच्याच वर्षी मे महिन्यात करून ठेवलेलं असतं, कारण ताण बसलेल्या झाडाची पानं मार्चमध्ये दाखवता येत नाहीत. बोर्डो मलम पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, तर त्याचा व्हिडिओ मेमध्ये एकदा आणि सप्टेंबरात एकदा वर काढायचा. तुमचा विषय मोटर वायंडिंगचा असेल तर मोटरी उन्हाळ्यात जळतात, म्हशींचा असेल तर बाजाराचे दिवस पाहा. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा आणि लोक तुम्हाला कोणत्या महिन्यात काय विचारायला येतात ते पेन्सिलीनं लिहीत चला. पहिले बारा व्हिडिओ तिथेच सापडतील.